होळीच्या एरंडाची पानं

सुखदेई एरंडाची पानं आणायला निघाली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. हातात ऊस तोडायची सुरी, डोक्यावर ओला टॉवेल. काम तसं दहा मिनिटांचं. फिजीतल्या लंबासाकडच्या आमच्या वस्तीत एरंड शोधावा लागत नाही. ऊस वाहणाऱ्या ट्रामच्या रुळांच्या कडेने तो नुसता माजलेला असतो. कुणाच्या पोटात दुखो की अंगात ताप भरो, आमच्या बायका आधी एरंडाचं पान तेल लावून तव्यावर गरम करतात आणि डॉक्टरचा विचार मग करतात.

पण त्या वर्षी हरिकेन, म्हणजे चक्रीवादळ, येऊन गेल्याला अकरा दिवस झाले होते. वाऱ्याने समुद्राचं खारं पाणी डोंगरापर्यंत उडवलं होतं आणि एकूण एक झाड करपून उभं होतं. आंब्याला पान नाही, फणसाला पान नाही. रुळांच्या कडेचे एरंड म्हणजे नुसत्या काळ्या काठ्या. सुखदेई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली. कोपऱ्यावर उभी राहून तिने तोंडातल्या तोंडात देवाला दोन शब्द सुनावले.

घरी बिमलेश तापाने फणफणत होता. तिच्या भावाचा, जगरनाथचा, चार वर्षांचा मुलगा. तापाचा सातवा दिवस. नदीवरचा पूल वाहून गेलेला, हॉस्पिटल पलीकडे. नदीकाठच्या फिजी लोकांच्या गावातली नर्स एकदा घोड्यावरून येऊन गेली, तीन दिवसांच्या गोळ्या देऊन म्हणाली की पाणी उतरल्याबरोबर त्याला शहरात न्या. गोळ्या संपल्या. पाणी काही उतरलं नाही.

सुखदेई त्याची फुआ, म्हणजे बापाची बहीण. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तिला पंधरा वर्षांपूर्वी माहेरी आणून सोडलं, ते पुन्हा तोंड दाखवलं नाही. भावाने कधी एका शब्दाने दुखावलं नाही हे खरं, पण भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला जे कळतं ते तिला रोज कळत होतं. मग बिमलेश झाला. भावजय बाळंतपणात पार खंगली आणि मूल सुखदेईच्या कडेवर आलं, ते तिथेच वाढलं. त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'फुआ'. त्या एका हाकेसाठी ती जगत होती असं म्हटलं तर कुणाला खोटं वाटायचं कारण नाही.

ती देवळासमोरच्या मैदानाशी आली आणि थबकली.

मैदानाच्या मधोमध होळी रचलेली होती. वसंत पंचमीला आमची मंडळी एरंडाची एक फांदी तिथे रोवतात. त्या दिवसापासून ती होलिका. रोज संध्याकाळी तिच्याभोवती ढोलक-झांजा घेऊन चौताल, म्हणजे होळीची गाणी, गायचे, लाकडं आणून टाकायची आणि फागुनच्या पुनवेला तिला जाळायचं. मधल्या दिवसांत तिला कुणी हात लावत नाही. पोरंसुद्धा लावत नाहीत, आणि आमची पोरं कशाला हात लावायची राहिली आहेत? हरिकेनने देवळाचे पत्रे नेले, रचलेली लाकडं चारी दिशांना फेकली. पण ती फांदी जागची हलली नव्हती. पुरुषांनी तिच्याभोवती पुन्हा लाकडं रचली होती.

फांदीला पालवी फुटली होती. तोडून आणलेल्या काठीला मुळं धरली होती आणि टोकाला तीन पानं होती, तांबूस, लसलशीत, पंज्याएवढी. साऱ्या वस्तीत तेवढीच पालवी.

सुखदेईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दुपारचं मैदान रिकामं होतं. आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण पोराचा श्वास सकाळपासून घरघरत होता.

"होलिका माई," ती हात जोडून म्हणाली, "तूही फुआ, मीही फुआ. प्रह्लादाच्या बापाची बहीण तू. पोरासाठी जीव कसा तुटतो ते तुला नाही कळणार तर कुणाला? दे मला."

तिने तिन्ही पानं खुडली. देठ तुटले तिथे बोटांना कोमट लागलं. ऊन आहे, म्हणून असेल, असं तिला वाटलं.

पोटावर पानं बांधून तासभर झाला नाही तोच ताप उतरला. एकदम उतरला, चूल विझावी तसा. बिमलेशने डोळे उघडले, भात मागितला. भावजय शिवकुमारी रडत रडत हसायला लागली.

"दीदी, कुठे मिळाली गं पानं? मी सकाळी सगळीकडे बघून आले."

"मिळाली एके ठिकाणी. तू भात आण, दुलहिन."

संध्याकाळी दिवा लावताना बिमलेश उशीवरून म्हणाला, "फुआ, दुसरी फुआ गेली?"

"कुठली दुसरी? मी एकटीच आहे तुला."

"नाही. इथे बसली होती ती." त्याने खाटेच्या पलीकडच्या बाजूला बोट दाखवलं. "तिच्या अंगाला धुराचा वास येतो."

तापात पोरं काहीही बरळतात. पण आता ताप कुठे होता? सुखदेईने त्याच्या केसांत नाक खुपसलं. रोज तिच्याच हातच्या खोबरेल तेलाचा वास येणाऱ्या त्या केसांना ओल्या लाकडाच्या धुराचा वास येत होता.

दुसरा दिवस पुनवेचा. होळीच्या दिवशी आमच्याकडे घरातल्या प्रत्येकाच्या अंगाला वाटलेल्या मोहरीचा लेप चोळतात. त्याला बुकवा म्हणतात. चोळून जो मळ निघतो तो पुडीत बांधून होळीत टाकायचा. वर्षाचं दुखणं त्याच्याबरोबर जळून जातं. शिवकुमारीने पोराला मांडीवर घेऊन हातपाय चोळले. मोहरीचा मळ पिवळा निघतो. बिमलेशच्या अंगावरून निघत होती ती करडी, भुसभुशीत राख.

"सात दिवसांचा मळ आहे," शिवकुमारी म्हणाली आणि पुडी बांधून तिने नवऱ्याच्या खिशात घातली. "विसरू नका हं. नंगोना प्यायला बसलात की तुम्हाला बायकोसुद्धा आठवत नाही."

"बायको विसरावी म्हणूनच पितात," जगरनाथ म्हणाला. सात दिवसांनी त्या घरात कुणी थट्टा केली. तो निघून गेला.

दुपारी शेजारची दुलारी आजी पोराला बघायला आली. गिरमिटाच्या, म्हणजे करारावर आणलेल्या ऊसमजुरांच्या, बराकीत जन्मलेली, ऐंशी पार केलेली, अर्ध्या वस्तीच्या नाळा तिने कापलेल्या. तिने पोराच्या पोटावरचं फडकं सोडलं. खाली पानं नव्हती. नुसते तीन सुकलेले देठ होते आणि कातडीवर तांबडा छाप होता. एरंडाच्या पानाला आठ-नऊ बोटं असतात. छापाला पाच होती.

आजीने फडकं हळूच परत बांधलं. "कुठली पानं होती, सुखदेई?"

सुखदेईने सांगितलं.

"मागताना काय म्हणालीस?"

"म्हटलं... तूही फुआ, मीही फुआ."

"अगं बाई..." आजीने डोळे मिटले. "तू तिला नातं लावलंस?"

"आजी, पोर मरत होतं."

"पंडित सांगतो ती गोष्ट सोड, ती पुरुषांची. म्हणे राक्षसीण होती, पोराला जाळायला बसली आणि स्वतःच जळाली. माझी आई वेगळं सांगायची. तिच्याजवळ एक ओढणी होती, जो पांघरेल त्याला आग लागायची नाही. भावाने हुकूम केला म्हणून ती पोराला घेऊन चितेवर बसली. आणि ज्वाळा उठल्या तेव्हा तिने आपल्या हाताने ओढणी काढून पोरावर टाकली. फुआ होती ना." आजीने पोराच्या पोटाकडे बोट केलं. "तिचं अंग आज संध्याकाळी जळणार आहे. आणि तिचं अंग तू याच्या अंगाला बांधलंस... पानं असती तर परत नेऊन ठेवली असती. आता ती कुठून आणणार?"

"मग मी होळीच पेटू देत नाही," सुखदेई म्हणाली.

पोराला आजीपाशी सोडून ती धावत मैदानावर गेली. सूर्य कलला होता, सगळी वस्ती जमली होती. ज्यांच्या घरावर छप्पर नव्हतं ते ठेवणीतले कपडे घालून आले होते. पुरुष चटयांवर बसून मुळी कुटून केलेल्या नंगोन्याच्या वाट्या रिचवत होते, ढोलक तापवत होते. तिने भावाला बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं, भरभर, हात जोडून.

"दीदी, ताप उतरलाय ना?" जगरनाथ हळू आवाजात म्हणाला. "पोर भात खातंय. आता आणखी काय पाहिजे तुला?"

"एक दिवस थांबा. उद्या पेटवा."

"पुनव थांबते का? या लोकांकडे बघ जरा. घरं गेली, ऊस गेला. ही एक होळी राहिलीय त्यांच्याजवळ."

"जगर, तुझं पोर जळेल रे..."

शेजारचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, सात रात्री जागली बिचारी, डोकं फिरलंय. शिवकुमारी पुढे आली. तिचा चेहरा घट्ट झाला होता.

"दीदी, त्याच्या दुखण्याची पुडी आज जळायलाच हवी. तुम्ही त्याला वाढवलंत, मी नाही म्हणत नाही. पण आई मी आहे. पेटवा हो तुम्ही!"

चार वर्षं सुखदेई याच वाक्याची वाट बघत होती आणि ते आज आलं. जगरनाथने खिशातली पुडी लाकडांत टाकली, मशाल खाली नेली. लाकडं ओली असूनही धूर न होता एकदम भडका उठला. लोक ओरडले. होलिकेला शिव्या देत पोरं गोल गोल पळायला लागली.

सुखदेई घराकडे पळत सुटली.

दुलारी आजी घराच्या पायरीवर बसली होती. हातात माळ, पण बोटं फिरत नव्हती.

"आजी, तू बाहेर का? तो एकटा आहे आत?"

"एकटा नाही. दुलहिन आली ना. अंधारात खाटेवर कुणी बसल्याचा आवाज आला, म्हणून मी उठून बाहेर आले."

"दुलहिन मैदानावर आहे, आजी..."

आजीने माळ तोंडाशी घट्ट धरली.

सुखदेईने दार ढकललं. आत दिवा नव्हता. खिडकीच्या काचपट्ट्यांमधून मैदानावरच्या आगीचा उजेड येऊन भिंतीवर हलत होता. खाटेच्या पलीकडच्या बाजूला एक बाई बसली होती, डोकं झाकलेली, खिडकीकडे पाठ करून. चेहरा अंधारात होता. पोराच्या कपाळावरून फिरणारा हात मात्र दिसत होता, आणि तो कुठल्याही घरच्या बाईचा हात होता, भांडी घासून बोटं सुरकुतलेला.

बिमलेश डोळे उघडे ठेवून पडला होता. त्याच्या अंगातून वाफ निघत होती. सुखदेईने त्याला उचलायला हात घातले आणि ओरडून मागे घेतले. तिच्या तळव्यांना फोड आले होते. तिने कोपऱ्यातली घागर त्याच्यावर उपडी केली. पाणी चर्रर करून उडून गेलं.

"फुआ, खूप गरम होतंय," पोर म्हणालं. ते कुणाला म्हणालं ते तिला कळलं नाही.

"उशीर केलास," ती बाई म्हणाली. आवाज थकलेला होता. "बस."

"सोड त्याला... तुझ्या पाया पडते."

"मी कुठे धरलंय? बांधून तूच गेलीस."

बाहेर आगीचा आवाज वाढला. भिंतीवरचा उजेड छतापर्यंत चढला. पोराच्या पायांची कातडी लाल होऊन ताणायला लागली आणि तो रडू लागला, आवाज न करता, नुसतं तोंड उघडून. सुखदेईला हे बघवेना. तिने खाली बसून खाटेच्या माच्यावर डोकं आपटलं.

"मला ने. त्याला झाक आणि मला जाळ. मी कुणाला नको आहे, मी गेले तर कुणाचं काही अडणार नाही... मला ने."

"तुला नेऊन मी काय करू?" बाईने डोक्यावरची ओढणी हळूहळू ओढून हातात घेतली. जुनी होती, कडेला करपलेली. "ओढणी एकच आहे. मागच्या वेळीही एकच होती. मी टाकली त्याच्यावर. तो उठला, आणि आगीतून चालत गेला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने. एकदा हाक मारली असती तर... पण नाही मारली. आणि तुम्ही दर वर्षी मला शिव्या देता."

"मी देणार नाही. कधीच देणार नाही."

"जळायची मला सवय आहे. त्यात सोबत नको मला." बाई पोरावर वाकली. "मला हाक मारणारं कुणीतरी हवं."

सुखदेईला समजलं. तिला काय मागितलं जात आहे ते तिला पूर्ण समजलं, आणि तिला वाटलं, यापेक्षा आपण सगळेच जळून जाऊ तर बरं. क्षणभर तिने खरंच तसं इच्छिलं. ते तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

पोराच्या ओठांना चीर पडली.

"घे," सुखदेई म्हणाली. "तुझा म्हण. पण जिवंत ठेव..."

बाईने ओढणी झटकली. खोलीभर राखेचा वास सुटला आणि अंधार झाला.

सकाळी फगवा, म्हणजे रंग खेळायचा दिवस, होता. वस्तीतले पुरुष दारोदार चौताल गात फिरत होते, ढोलकवाल्याच्या कपाळावर गुलाल, दाढीत गुलाल. बिमलेश उठून बसला होता. अंगावर ना फोड, ना डाग. पोटावरचा छापसुद्धा गेला होता. शिवकुमारीने सुखदेईच्या पायांवर डोकं ठेवलं. "दीदी, काल मी नको ते बोलले. पोर तुमच्यामुळे वाचलं." जगरनाथ बहिणीच्या तळव्यांना नारळाचं तेल लावत होता आणि नाक ओढत होता. सगळ्या घराला बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

दुलारी आजी तेवढी आत आली नाही. दारातूनच तिने पोराकडे पाहिलं आणि काठी टेकत निघून गेली.

सुखदेईने गुलगुल्यांची बशी घेतली आणि ती ओसरीवर गेली. आपलं पोर वाचलं, एवढंच ती मनाशी घोकत होती. रात्री जे झालं ते सात दिवसांच्या जागरणाने झालं असेल, तळवे घागरीजवळच्या चुलीवर भाजले असतील. दिवसाच्या उजेडात तिला ते जवळजवळ पटलंही होतं.

ओसरीच्या टोकाला चटईवर बिमलेश बसला होता. शेजारच्या दोन बायका त्याच्या गालांना रंग लावत होत्या. "काकी, डोळ्यात नको!" तो खिदळला. बायका हसत पुढच्या घराकडे गेल्या. गडबडीत त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं.

सुखदेई त्याच्यासमोर उकिडवी बसली, बशी खाली ठेवली आणि मग तिने पाहिलं. पोर चटईवर बसलं नव्हतं. चटईच्या वर, चांगलं वीतभर वर, आरामात मागे रेलून बसलं होतं. पाय खाली लोंबकळत होते. त्याच्या आणि चटईच्या मध्ये एका मांडीएवढी जागा होती.

तिने हात पुढे केला आणि त्या जागेत घातला. काही लागलं नाही. फक्त ऊब होती.

बिमलेशने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, दारात आलेल्या कुठल्याही बाईकडे आमची पोरं बघतात तसं, शहाण्यासारखं.

"काकी, हात काढ ना," तो म्हणाला. "फुआला गुदगुल्या होतात."